पाणी ओतणं म्हणजे दुरुस्ती नव्हे!

आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एकदा सहज चक्कर मारा. स्टाफच्या शेडखाली बारा-पंधरा वर्षं वयाच्या दोन-चार गाड्या उभ्या असतील. हॉस्टेलच्या मागच्या बाजूला चौघांनी कॉन्ट्री काढून घेतलेली एखादी थर्ड हॅन्ड गाडी असेल. या सगळ्या गाड्यांच्या डिकीत एक वस्तू हमखास सापडते, ती म्हणजे पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन. मालकाला विचारा, उत्तर ठरलेलं आहे. "काही नाही रे, जरा पाणी पिते गाडी. बाकी एक नंबर!"

मित्रांनो, गाडी पाणी पीत नाही. इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा ही बंद यंत्रणा आहे. तीच तीच चार-पाच लिटर द्रव इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून परत इंजिनात फिरत राहतो. तो दर आठवड्याला कमी होत असेल तर कुठून तरी गळतोय, एवढा सरळ अर्थ आहे. पण आपण "गळतेय" म्हणत नाही, "पिते" म्हणतो. गळते म्हटलं की शोधावं लागतं ना! पिते म्हटलं की नुसतं पाजलं तरी चालतं.

हा लेख या पाजण्याच्या सवयीविरुद्ध आहे. आणि तो मुद्दाम आपल्या मासिकात लिहितोय, कारण ही सवय ज्यांनी थर्मोडायनॅमिक्सचे दोन-दोन पेपर दिलेत त्यांनाही सोडत नाही.

आधी थोडा इतिहास. पाणी ओतत ओतत गाडी चालवणं हे खरंच एके काळचं मान्यताप्राप्त तंत्रज्ञान होतं! कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि जाताना उष्णता घेऊन जायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमपर्यंत शंभरेक किलोमीटर गेली, तेव्हा वाटेत तिला पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. पुढे मायबाखने मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. १९०१ च्या मर्सिडीजवर तो बसला आणि नऊ लिटर पाण्यात काम भागू लागलं. तेव्हा डिकीत कॅन ठेवून जो अभिमानाने फिरतो, तो तंत्रज्ञानाच्या बाबतीत बर्थाबाईंच्या मागेच आहे. त्यांच्याकडे निदान दुसरा पर्याय नव्हता.

आता मुद्द्याचं. गळतीचा प्रश्न आपल्याला "पाणी कमी होतं" एवढाच वाटतो. खरा प्रश्न त्याहून मोठा आहे, तो दाबाचा. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, कधी पाहिलाय? तो आकडा बारमध्ये आहे. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब ते झाकण आत धरून ठेवतं. अगदी आपल्या घरच्या प्रेशर कुकरचंच तत्त्व. ०.९ बार जास्त दाबाखाली साधं पाणी १०० ला उकळत नाही, ११८-११९ अंशांपर्यंत तग धरतं. निम्मं ग्लायकॉल मिसळलेलं कूलंट असेल तर आणखी वर. आता होज पाइपला सुईएवढं भोक पडलं असं समजा. पाणी थेंब-थेंबच जाईल, पण दाब पूर्ण जाईल! म्हणजे उत्कलनबिंदू पुन्हा १०० वर. आणि तुम्ही महाबळेश्वरला निघाला असाल तर वर पोचेपर्यंत तो ९५-९६ वर येतो. इंजिन नेहमी ज्या तापमानाला सुखात चालतं, ते ९० च्या आसपास असतं. मार्जिन किती उरलं? पाच अंश. घाटात, मे महिन्यात, एसी लावून, पाच माणसं बसवून.

अजून एक हिशेब करू. पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांकडे जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून आणि उरलेली एक तृतीयांश कूलंटमध्ये. म्हणजे घाट चढताना छोटं इंजिन २० किलोवॉट काम करत असेल तर साधारण तेवढीच उष्णता कूलंटला वाहून न्यावी लागते. २० किलोवॉट म्हणजे दोन-दोन किलोवॉटचे दहा गीझर! हॉस्टेलमध्ये आपण एका गीझरसाठी रांग लावतो. तर हे दहा गीझर चार लिटर पाण्याच्या मागे लागलेत. रेडिएटरने काम थांबवलं तर ९० वरून ११५ ला जायला पाण्याला लागणारी उष्णता ४ × ४.२ × २५, म्हणजे ४२० किलोज्यूल. भागिले २० केलं की २१ सेकंद. इंजिनाचा धातूही तापायला वेळ घेतो हे धरलं, तरी हिशेब मिनिटांचाच राहतो. "पुढच्या पंपावर बघू" असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

"पण काटा तर मध्यावरच होता!" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. काट्याला माहिती देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाण्याची पातळी त्याच्या खाली गेली की तो हवेत किंवा वाफेत लटकतो आणि काटा वर जायच्या ऐवजी खालीही येऊ शकतो. म्हणजे ज्या वेळी सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच वेळी काटा खोटं बोलतो. म्हणून काट्यापेक्षा बाटलीवरच्या पातळीवर विश्वास ठेवावा.

पुढे काय होतं? बऱ्याच जुन्या इंजिनांत ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हेड ४०० मिलिमीटर लांब आहे आणि तापमान १०० अंशांनी वाढलं असं धरा. ॲल्युमिनियम ०.९ मिमी वाढेल, लोखंड साधारण ०.४५. हा जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा ताण गॅस्केट आणि हेडबोल्ट सोसतात. ठरावीक मर्यादेपर्यंत सोसतात. त्यापुढे हेड वाकतं. वाकण्याची परवानगी किती, तर साधारण ०.०५ ते ०.१ मिमी, म्हणजे फार तर वहीच्या एका पानाएवढी. मग हेड उतरवा, फेस करायला टाका, गॅस्केट बदला, आणि नशीब वाईट असेल तर हेडला क्रॅकच. सुरुवात कशाने झाली होती? शे-दोनशे रुपयांच्या क्लिपने.

आमच्या गावाकडे वडापच्या जीपगाड्या चालतात. शेजारच्या एका काकांची जीप होती. गाडी जुनी, पण मुलीचं डीएड आणि मुलाची फी, सगळं तिच्यावर. ड्रायव्हरच्या सीटमागे पाण्याचा कॅन कायमचा. प्रत्येक फेरीला स्टँडवर पाणी भरायचे, तेही बोअरचं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीला सुद्धा पांढरा थर चढतो, मग रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं काय होणार? क्षाराच्या थरातून उष्णता जायला ॲल्युमिनियमच्या मानाने शंभरएक पट तरी अवघड. म्हणजे गळणारं पाणी भरून काढायला जे ओतलं, त्यानेच रेडिएटर आतून बंद होत गेला. एका उन्हाळ्यात लग्नसराईच्या ऐन गर्दीत हेड गेलं. पतसंस्थेचे हप्ते चालू, आणि जीप महिनाभर लिंबाखाली. काकांना कोणी आळशी म्हणू शकणार नाही. रोज पहाटे पाचला उठणारा माणूस तो. पण "पाणी भरत राहा, काही होत नाही" हे त्यांना गॅरेजमध्ये सांगितलं गेलं होतं, आणि त्यांच्या आसपास असं होत नसतं हे सांगणारं कोणी नव्हतं. इंजिनिअरिंगची मुलं गावात तेव्हाही होती, सुट्टीला आल्यावर त्याच जीपमधून फिरत होती.

इथे मिस्त्री लोकांवर घसरण्याचा मोह होतो. तो मला टाळायचाय. रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबवणं, थर्मोस्टॅट काढून फेकणं, फॅन डायरेक्ट करणं, या सगळ्या युक्त्या आपण हसण्यावारी नेतो. पण रात्री अकराला खंबाटकीत अडकलेल्या माणसाला घरी पोचवायचं असेल तर हळद कामाला येते, हे खरं आहे. हळदीचे कण भोकात जाऊन बसतात आणि गळती तात्पुरती थांबते. बाजारात मिळणाऱ्या लीक-स्टॉप पावडरी आणि बाटल्याही थोड्याफार फरकाने तेच करतात. हा प्रथमोपचार आहे. गडबड तेव्हा होते, जेव्हा प्रथमोपचारालाच आपण उपचार समजतो आणि दोन वर्षं गाडी हळदीवर चालवतो. जो कण भोकात अडकतो, तोच रेडिएटरच्या चांगल्या नळीतही अडकतो. त्याला कुठे ठाऊक आहे कुठली वाट बंद करायची ते?

थर्मोस्टॅटचंही तेच. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तोपर्यंत इंजिनाला लवकर गरम होऊ देतो. "आपल्याकडे थंडी कुठे असते, काढून टाका" असं म्हणून तो काढला की इंजिन रोज बराच वेळ थंडच चालतं. पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते, ऑइलमध्ये ओलावा साठतो. आणि मूळ गळती? ती आहे तिथेच!

तसाच प्रश्न कूलंटचा. "अँटीफ्रीझ सोलापुरात कशाला?" असं विचारणारे माझ्या वर्गातही आहेत. प्रश्न चुकीचा नाही. उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी कूलंटपेक्षा सरस आहे. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.२ आणि निम्मं ग्लायकॉल असलेल्या मिश्रणाची साडेतीनच्या आत-बाहेर. तेव्हा "पाणी जास्त गार ठेवतं" म्हणणारा मिस्त्री एवढ्यापुरता बरोबरच आहे. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, आणि आपल्याला ती हवी असतात. लोखंड, ॲल्युमिनियम, सोल्डर असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडाले की काय होतं, हे पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीत शिकलोय आपण. ही द्रव्यं काही वर्षांत संपतात, म्हणून कूलंट बदलावं लागतं. मिसळायला डिस्टिल्ड वॉटर घ्यावं. आणि हिरवं की लाल की निळं या रंगावर जाऊ नये. रंगाचं असं एकच प्रमाण नसतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो प्रकार सांगितलाय तो टाकावा, दोन प्रकार एकत्र करू नयेत.

मग गळती शोधायची कशी? हे काम वाटतं तेवढं अवघड नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. रात्री गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. स्वच्छ, बिनरंगाचं पाणी असेल तर ते बहुधा एसीचं, घाबरू नका. रंगीत, बोटाला बुळबुळीत लागणारं असेल तर कूलंट. मग गार इंजिनावर टॉर्च घेऊन होजची टोकं, क्लिपा, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा सांधा, वॉटर पंपाखालचं बारीक भोक बघा. जिथे गळतं तिथे पांढरी किंवा हिरवट पापडी धरलेली असते. पंपाचं ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, तिथून ओघळ दिसला की पंपाचं सील गेलं. जिथे गाडीला हीटर आहे, तिथे आतल्या गालिच्याला ओल आणि गोडसर वास आला तर हीटरची जाळी गळतेय.

एवढं करून सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट. झाकणाच्या जागी हातपंप लावायचा, झाकणावरच्या आकड्याएवढा दाब द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. इंजिन बंद, गार, कोणाला भाजायची भीती नाही. दाब उतरला तर गळती आहे, आणि बहुतेक वेळा डोळ्यांसमोर थेंब फुटताना दिसतो. झाकणही तपासून घ्यावं. स्वस्त वस्तू आहे, पण स्प्रिंग गेली की तेच गुन्हेगार असतं. बाहेर कुठेच थेंब नाही आणि तरी दाब उतरतोय, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत, ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर आहे, सायलेन्सरमधून गोडसर पांढरा धूर येतोय, तर हेड गॅस्केट. मग मात्र गाडी चालवत नेऊ नका, टो करूनच न्या.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नका. ११५ अंशांचं चार लिटर पाणी अचानक १०० वर आलं तर त्यातलं शंभरेक ग्रॅम पाणी क्षणात वाफ होतं. शंभर ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्याची वाफ होते पावणेदोनशे लिटरच्या आसपास! ती बरोबर उरलेलं उकळतं पाणी घेऊन तुमच्या तोंडावर येते. गाडी बाजूला घ्या, बंद करा, अर्धा-पाऊण तास चहा प्या. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेड तडकतं.

आता या विषयातला मला सर्वांत जास्त टोचणारा भाग. आपल्याकडे फायनल इयरचे लोक जाताना गाडी ज्युनिअरला विकून जातात. चांगली प्रथा आहे. पण विकायच्या आठवड्यात रेडिएटरमध्ये पावडर टाकून, पातळी भरून, बॉनेट पुसून "काही प्रॉब्लेम नाही" म्हणणं, ही प्रथा नाही, ही फसवणूक आहे. दोन महिन्यांनी तो ज्युनिअर घाटात उभा असतो आणि त्याच्या घरून आलेले मेसचे पैसे हेडमध्ये जातात. गळती आहे तर सांगा, किंमत कमी करा. पुढे जाऊन आपण ब्रेक, बॉयलर, पूल यांच्या कागदांवर सह्या करणार आहोत. "काही प्रॉब्लेम नाही" हे वाक्य खरं असेल तेव्हाच म्हणायची सवय इथेच लागली तर बरं.

दुसरी गोष्ट, आपल्या गाड्यांखाली झोपणारी कुत्री. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. पोटात गेलं की त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल तयार होतं आणि किडन्या निकामी होतात. मध्यम आकाराच्या कुत्र्याला निव्वळ ग्लायकॉल शंभरेक मिली सुद्धा पुरतं. मेसच्या मागे जी चार-पाच पिल्लं आपण सगळे मिळून पोसतो, ती उन्हाळ्यात तहान लागली की जे समोर दिसेल ते चाटतात. गाडीखालचं हिरवं डबकं हा म्हणूनच फक्त गाडीमालकाचा खासगी मामला उरत नाही. सांडलं तर माती टाका, धुऊन काढा. काढलेलं कूलंट गटारात ओतू नका, गॅरेजला परत द्या.

"पण पैसे नाहीत" हा आक्षेप मला मान्य आहे. स्टुडंटकडे पैसे नसतातच! जुन्या गाडीवर किती खर्च करायचा हाही रास्त प्रश्न आहे. पंधरा वर्षांनी रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांसाठी वाढवायचं, फिटनेस काढायचं, आणि २०२१ पासून स्क्रॅपिंगचं धोरणही आलंय. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे आज दिसणारी प्रत्येक ८०० म्हातारीच आहे. अशा गाडीत नवा रेडिएटर टाकावा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. गळती मंद असेल तर लक्ष ठेवून काही महिने काढणं यातही गैर काही नाही. पण मग मोजा! बाटलीवर मार्करने रेघ मारा, किलोमीटर लिहून ठेवा. पाचशे किलोमीटरला शंभर मिली जातं की एक लिटर, हे माहीत असेल तर तो निर्णय झाला. माहीत नसेल तर तो जुगार.

म्हणून शेवटी एक मागणी, आणि ती स्टाफसमोर ठेवतोय. हीट एक्स्चेंजरची गणितं आपण परीक्षेत पानंच्या पानं सोडवतो. एलएमटीडीचा फॉर्म्युला झोपेतून उठवलं तरी सांगू. पण प्रेशर टेस्टर हातात धरलेले वर्गात किती असतील? वर्कशॉपमध्ये एक टेस्टर असावा. महिन्यातल्या एका शनिवारी ज्याला हवं त्याने आपली गाडी आणावी, सरांनी, मॅडमनी, आपणही. बाहेरच्या एखाद्या अनुभवी मिस्त्रींना मानधन देऊन बोलवावं. त्यांना कान लावून गळती सापडते, आपल्याला ती का झाली ते मांडता येतं. दोघं एकाच बॉनेटखाली वाकले तर दोघांचाही फायदा आहे. आणि सुट्टीत गावी गेल्यावर एखाद्या वडापवाल्याला "काका, हे पाणी जातं कुठे ते बघूया का?" एवढं विचारता आलं, तरी चार वर्षांच्या फीमधले थोडे पैसे वसूल झाले म्हणायचे.

डिकीतला कॅन राहू द्या. रस्त्यावर तो लागतोच. पण उद्या सकाळी गाडी चालू करायच्या आधी, गार इंजिनावर, बाटलीवर एक रेघ मारा आणि खाली एक जुना पेपर टाका.

– एक मेकॅनिकलवाला, तृतीय वर्ष